पाण्याच्या टाकीत ‘बर्ड फ्लूची पावडर’ टाकू का?

प्रश्न : मोहोळ तालुक्यात माझं पाच हजार लेयर पक्ष्यांचं शेड आहे. थंडीत उजनीवर बाहेरचे पक्षी उतरले की माझा जीव टांगणीला लागतो. गेल्या आठवड्यात एक विक्रेता पांढऱ्या पावडरीचं पाकीट देऊन गेला. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना घटक. ‘माणसाला फ्लूवर देतात तेच औषध आहे. हजार लिटरला शंभर ग्रॅम, महिन्यातून पाच दिवस द्या, बर्ड फ्लू शेडकडे फिरकणार नाही,’ असं तो म्हणाला. पुतण्या बी.एस्सी. करतो. तो म्हणतो, विषाणूच्या जनुकात ‘२७५ नंबरचा’ बदल झालाय, आता टॅमिफ्लूसुद्धा चालत नाही. कुठे २७४ म्हणतात, कुठे २७५. खरं काय? पावडर टाकू का? आणि घरच्यांसाठी व दोन मजुरांसाठी टॅमिफ्लूच्या पट्ट्या आणून ठेवू का?
— एक अंडी उत्पादक, मोहोळ तालुका

उत्तर : दादा, पावडर टाकू नका. चिमूटभरही नको, ‘एकदा बघू तरी’ म्हणूनही नको. पुतण्या सांगतो त्यातलं निम्मं बरोबर आहे, आणि उरलेलं निम्मं समजलं की ही पावडर का नको तेही समजेल.

विक्रेत्याचं बोलणं खरं धरलं, तर पाकिटात बहुधा अमँटाडीन असणार. माणसांच्या फ्लूवरचं हे जुनं आणि स्वस्त औषध. टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, हजार लिटरच्या टाकीत ओतणं कुणालाच परवडणार नाही. अर्थात, लेबल नसलेल्या पाकिटात खडूची भुकटीही असू शकते. ती निघाली तर फक्त तुमचे पैसे बुडतील. खरं नुकसान औषध खरं निघालं तर आहे.

अमँटाडीन कुठे बसतं ते पाहा. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तेव्हा एका पिशवीत अडकलेला असतो. ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते. विषाणूच्या कवचावर ‘एम२’ नावाची नळी असते. चार धागे एकमेकांना चिकटून ती तयार होते आणि प्रत्येक धागा ९७ अमिनो आम्लांचा असतो. या नळीतून आम्लाचे कण आत गेले की आतली बांधणी सैल होते आणि विषाणूची जनुकं पेशीत मोकळी सुटतात. अमँटाडीन या नळीत बुचासारखं बसतं. आम्ल आत जात नाही, जनुकं सुटत नाहीत आणि संसर्ग तिथेच थांबतो.

आता त्या ९७ मधली ३१ वी जागा घ्या. तिथे सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि जनुकात त्याचा शब्द ‘ए-जी-टी’ असा लिहिलेला असतो. मधलं एक अक्षर चुकून ‘ए-ए-टी’ झालं की सेरीनच्या जागी अ‍ॅस्परॅजीन येतं. नळीचा आतला आकार बदलतो आणि बूच बसेनासं होतं. नळी मात्र आपलं काम पहिल्यासारखंच करत राहते. या बदलाला एस३१एन म्हणतात. २६, २७, ३०, ३४ या जागांवरचे बदलही हेच साधतात, पण सगळ्यात जास्त आढळतो तो ३१ चा.

हे चुकलेलं अक्षर येतं कुठून? औषधामुळे नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूची जनुकं आरएनएच्या आठ तुकड्यांत असतात, सगळी मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. त्यांची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नाही. त्यामुळे ढोबळमानाने जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादं अक्षर चुकतं. एका पेशीतून हजारो विषाणू बाहेर पडतात, आणि एका आजारी कोंबडीत अशा किती पेशी असतील याचा विचार करा. ३१ व्या जागेची चूक तुमच्या शेडमधल्या पहिल्याच आजारी पक्ष्यात, औषधाचा थेंबही न देता, कुठेतरी झालेली असते. गर्दीत तिला कुणी विचारत नाही इतकंच. टाकीत औषध पडलं की बाकीचे विषाणू थांबतात आणि तेवढ्याच एकाला रान मोकळं मिळतं. औषध बदल घडवत नाही, ते बदललेल्या विषाणूची निवड करतं.

हे कागदावरचं गणित नाही, कोंबड्यांवर करून पाहिलेलं आहे. १९८३-८४ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि आसपास एच५एन२ या प्रकारच्या बर्ड फ्लूची मोठी साथ आली आणि सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले. त्याच विषाणूवर प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्यातून अमँटाडीन देऊन पाहिलं. सुरुवातीला मरतूक खरोखरच कमी झाली. तुमचा विक्रेता दाखवील ती इतकीच सुरुवात. पण काही दिवसांतच औषधाला न जुमानणारा विषाणू तयार झाला. तो बरोबरच्या पक्ष्यांना लागला, आणि औषधाचं पाणी पिणारे पक्षीही मेले. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला वाटतं या सगळ्यात तीच सर्वात महत्त्वाची आहे. औषध बंद केलं तरी बदललेला विषाणू मागे हटला नाही. तो मूळ विषाणूइतकाच जहाल होता आणि त्याच्या बरोबरीने पसरत राहिला. कीटकनाशक थांबवलं की काही किडी पुन्हा त्याला बळी पडू लागतात, तसं इथे होत नाही. एस३१एन विषाणूला जवळपास फुकटात मिळतो.

२००४ च्या सुमारास व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये माणसांना बर्ड फ्लूचाच एच५एन१ हा प्रकार झाला, तेव्हा तिथल्या विषाणूत हा ३१ चा बदल आधीच होता. म्हणजे रुग्णासाठी अमँटाडीन पहिल्या दिवसापासून निकामी. चीनमध्ये कोंबड्यांना अमँटाडीन देत असल्याच्या बातम्या २००५ मध्ये आल्या आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. अमेरिकेने २००६ मध्ये कोंबडी, टर्की आणि बदकांना माणसांची फ्लूविरोधी औषधं देण्यास मनाई केली. सगळा दोष कोंबड्यांच्या शेडवर टाकणं मात्र बरोबर नाही. माणसांच्या नेहमीच्या एच३एन२ फ्लूतही हाच बदल जगभर पसरला आणि २००५-०६ च्या हंगामात अमेरिकेत तपासलेल्या विषाणूंपैकी ९२ टक्के अमँटाडीनला जुमानत नव्हते.

आता तुमच्या टाकीचं बघू. पाच हजार लेयर, साध्या हवेत पक्ष्यामागे दिवसाला सव्वादोनशे मिली पाणी धरलं तर अकराशे लिटर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की हेच पाणी दीडपट-दुप्पट होतं, म्हणजे डोसही तितकाच वाढतो. थंडीत कमी पितात, डोस घटतो. टाकीत पावडर तळाशी बसते. बोअरच्या जड पाण्यात आणि पाइपातल्या शेवाळी थरात काही अडकते. लाइनच्या तोंडाशी असलेल्या निपलवर जास्त येते, शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत कमी पोहोचते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजारी कोंबडी सर्वात आधी पाणीच सोडते. ज्या पक्ष्यात विषाणू सर्वाधिक आहे, त्याच्याच पोटात औषध सर्वात कमी जातं. विषाणू मरणार नाही पण निवड होईल, असा अर्धवट डोस देण्याची याहून पक्की व्यवस्था दुसरी नसेल. ‘महिन्यातून पाच दिवस’ या सल्ल्याने तर दर महिन्याला नवी निवड होते. शिवाय अमँटाडीन अंड्यात उतरतं आणि ते अंडं तुम्ही बाजारात पाठवणार.

औषध किती कमी असलं तरी निवड होते, याचा अंदाज स्वीडनमधल्या एका प्रयोगावरून येतो. रानबदकांना एच१एन१ चा संसर्ग केला आणि त्यांच्या पाण्यात टॅमिफ्लूचं शरीरात तयार होणारं रूप अगदी थोडं मिसळलं. लिटरला एक मायक्रोग्रॅम असतानाच तुमच्या पुतण्याचा तो बदल बदकांत उगवला. ७५ मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलइतकं औषध ७५ हजार लिटरमध्ये विरघळवलं तर हे प्रमाण होतं. म्हणून शेड धुतलेलं औषधाचं पाणी ओढ्यात सोडणं, आणि ओढ्यातून ते तळ्यातल्या बदकांपर्यंत जाणं, ही लांबची गोष्ट समजू नका.

आता ते २७५. विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला चिकटून राहतो. ही चिकट तार कापणारी कात्री म्हणजे न्यूरामिनिडेज, एच५एन१ मधला ‘एन’. टॅमिफ्लू या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. कात्री चालली नाही की नवे विषाणू एकमेकांना चिकटून पेशीवरच पडून राहतात. या औषधाच्या रेणूला एका बाजूला लांबट, तेलकट शेपूट आहे. ते नीट बसावं म्हणून कात्रीतल्या २७७ व्या जागेच्या ग्लुटामिक आम्लाला थोडं वळून जागा करून द्यावी लागते. जवळच्या २७५ व्या जागेवर हिस्टिडीनऐवजी थोराड टायरोसीन आलं की ते ग्लुटामिक आम्लाला वळू देत नाही. जागा होत नाही, शेपूट बसत नाही आणि औषध घसरून जातं. जनुकात हे घडतं ‘सी’ च्या जागी एक अक्षर ‘टी’ झाल्याने. एच२७५वाय म्हणतात तो हाच. २७४ आणि २७५ हे दोन बदल नाहीत. एन२ प्रकारच्या न्यूरामिनिडेजच्या क्रमांकाने मोजलं तर २७४, एन१ च्या क्रमांकाने मोजलं तर २७५. जागा एकच.

याच वर्गातलं दुसरं औषध झनामिविर, जे ओढून फुप्फुसात घेतात, त्याला ती तेलकट शेपटी नाही. त्याची ती बाजू सियालिक आम्लासारखीच आहे. म्हणून २७५ चा बदल असलेल्या विषाणूवरही ते चालतं. पेरामिविर मात्र बरंचसं निकामी होतं. प्रयोगशाळेत हे आकड्यांत मोजतात : औषधाची जितकी मात्रा कात्रीचं निम्मं काम थांबवते, ती नेहमीपेक्षा दहापट ते शंभरपट लागली तर परिणाम ‘कमी’ आणि शंभरपटीच्या वर गेली तर ‘खूपच कमी’ असं जागतिक आरोग्य संघटना धरते. एच२७५वाय असलेला एच५एन१ ओसेल्टामिविरच्या बाबतीत या शेवटच्या खणात बसतो.

पुतण्याला इतकंच सांगा, ‘विषाणू बदलला’ आणि ‘सगळे विषाणू बदलले’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००५ मध्ये व्हिएतनाममध्ये उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या विषाणूत हा बदल दिसला, आणि त्यातले दोन रुग्ण दगावले. २०१३ मध्ये चीनमधल्या एच७एन९ या बर्ड फ्लूच्या काही रुग्णांत उपचारादरम्यान २९२ व्या जागेचा बदल आढळला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आठ कोंबडीपालन केंद्रांवरच्या एच५एन१ मध्ये एच२७५वाय सापडला. ही बातमी गंभीर आहे, कारण इथे तो माणसात उपचार चालू असताना नव्हे, तर पक्ष्यांमध्ये आढळला. तरीही आज जगात फिरणाऱ्या एच५एन१ पैकी बहुतेक विषाणूंवर टॅमिफ्लू चालतं.

एक काळ असा होता की २७५ चा बदल विषाणूला पांगळा करतो, त्यामुळे तो पसरणार नाही, असं जाणकार म्हणत. पृष्ठभागावर कात्र्याच कमी उरतात, हे खरंही होतं. मग २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेसकट युरोपात माणसांच्या नेहमीच्या एच१एन१ फ्लूत तो दिसू लागला. तिथे टॅमिफ्लूचा वापर अगदी थोडा होता, तरी वर्षा-दीड वर्षात त्या प्रकारचे जगातले जवळपास सगळे विषाणू टॅमिफ्लूला जुमानेनासे झाले. नंतर शोध लागला की २२२ आणि २३४ या जागांवर आधीच झालेल्या छोट्या बदलांनी कात्र्यांची उणीव भरून काढली होती. पांगळ्याला कुबड्या आधीच मिळाल्या होत्या. म्हणून ‘हा बदल टिकणार नाही’ या भरवशावर कुणी राहू नये. तो प्रकार २००९ च्या नव्या एच१एन१ ने मागे सारला म्हणून औषध परत कामाला आलं. आणि त्या नव्या विषाणूवर टॅमिफ्लू चालत असलं, तरी एस३१एन तो जन्मतःच घेऊन आला होता.

बर्ड फ्लूला आणखी एक वाट मोकळी असते. आठ तुकडे सुटे असल्याने एकाच पक्ष्याला दोन विषाणू एकदम लागले तर तुकड्यांची अदलाबदल होते. मुरलेला, औषधाला न जुमानणारा ‘एम’ किंवा ‘एन’ तुकडा आयताच दुसऱ्याच्या हाती पडतो. एका शेडमध्ये औषधाने निवडलेला तुकडा दुसऱ्या गावच्या विषाणूत जायला एवढं पुरतं.

तिसरं औषध बॅलॉक्सविर. ते नक्कल करणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतं आणि त्याला चकवणारा बदल ‘पीए’ प्रथिनाच्या ३८ व्या जागेवर होतो. चाचण्यांमध्ये औषध घेतलेल्या मोठ्यांपैकी सुमारे १० टक्क्यांत आणि जपानमधल्या लहान मुलांपैकी २३ टक्क्यांत असा बदल दिसला. म्हणजे हेही औषध जपूनच वापरावं लागणार.

ही तिन्ही औषधं एकत्र वापरण्याची वेळ खरोखर आलेली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबियातच एच५एन१ ने अत्यवस्थ झालेल्या एका किशोरवयीन मुलीला ओसेल्टामिविर, बॅलॉक्सविर आणि तेच जुनं अमँटाडीन एकदम दिलं. ती बरी झाली. तिच्या विषाणूत ३१ ची जागा शाबूत होती म्हणूनच त्या स्वस्त औषधाचा डॉक्टरांना विचार करता आला. उद्या तुमचा एखादा मजूर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दाखल झाला, तर त्याच्यासाठी हीच मोजकी औषधं आहेत. ती टाकीत ओतून झिजवायची नाहीत, हे आम्ही हात जोडून सांगतो.

टॅमिफ्लूच्या पट्ट्या घरी आणून ठेवण्याला आमचा नकार आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे, पण कारण तेवढंच नाही. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडली जाते आणि ही कॅप्सूल ३० अंशांखाली ठेवावी लागते. शिवाय घरात पट्टी असली की साध्या सर्दीला दोन गोळ्या घेतल्या जातात, ताप उतरला की उरलेल्या कपाटात जातात. हा अर्धा कोर्स म्हणजे टाकीतल्या अर्धवट डोसचाच प्रकार, फक्त माणसाच्या अंगात. मोठ्या माणसाचा उपचार ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस असा असतो. मुलांना वजनावर. ४८ तासांच्या आत सुरू झाला तर फायदा सर्वाधिक, आणि सुरू केलेला कोर्स मध्येच सोडायचा नाही.

एक बारकावा मजुरांसाठी मुद्दाम सांगतो. साध्या फ्लूपासून बचावासाठी दिवसातून एकच गोळी देण्याची पद्धत आहे. पण बर्ड फ्लू झालेल्या पक्ष्यांना हात लागला असेल तर अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था बचावासाठीही दिवसातून दोन गोळ्याच सुचवते. संपर्क संपला असेल तर पाच दिवस, चालू असेल तर दहा दिवस. कारण सरळ आहे. त्या माणसाला संसर्ग आधीच झालेला असू शकतो आणि एका गोळीचा निम्मा डोस विषाणूला पुरता दाबत नाही, नुसता चाळून काढतो. हा निर्णय डॉक्टर घेतील. तुम्ही त्यांना पहिल्या वाक्यात सांगायचं : ‘कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करतो, पक्षी मेले आहेत.’ संपर्कानंतर दहा दिवस ताप, खोकला, धाप आणि डोळे लाल होणं यावर लक्ष ठेवा. लाल डोळ्यांकडे लोक कानाडोळा करतात, पण या विषाणूत ते लक्षण पहिलं असू शकतं.

पट्ट्यांच्या पैशात एन-९५ मास्क, डोळ्यांवर बसणारे गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट आणि एक थर्मामीटर घ्या. मजुरांच्या घरी गावठी कोंबड्या किंवा बदकं नसावीत. अवघड मागणी आहे, पण पगारात थोडं वाढवून मिळवता येते.

विषाणू आत येऊ न देण्याला दुसरा पर्याय नाही, म्हणून शेडबद्दल थोडं नेमकं. टाकीला घट्ट झाकण लावा. हिप्परग्याच्या तलावावर उतरलेलं बदक तुमच्या टाकीवर येणार नाही, पण कावळा येतो. शेडच्या बाजूंना एक इंचाहून बारीक जाळी. सांडलेलं खाद्य रोज उचला, कारण चिमण्या-कावळे त्यासाठीच आत शिरतात. तळ्याचं किंवा ओढ्याचं पाणी वापरत असाल तर हजार लिटरला साधारण १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, निवळी टाकीत टाका आणि अर्धा तास थांबा. शेवटच्या निपलच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. तिथे वास नसेल तर लाइन घाण आहे. मानमोडीवरची (राणीखेत) लासोटाची लस पाण्यातून देणार असाल तर आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद ठेवा, नाहीतर लसच मरेल.

शेडच्या दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा : दहा लिटरला ४०० ग्रॅम, आणि रोज बदला. बूट आधी ब्रशने खरवडा, मग त्यात बुडवा. ब्लीच विष्ठेच्या संपर्कात आली की तिचा जोर तिथेच संपतो, शेणामातीत सोडा जास्त टिकतो. सोड्याने हात-डोळे चुरचुरतात, हातमोजे घाला. व्यापाऱ्याचे कागदी लगद्याचे ट्रे शेडमध्ये परत घेऊ नका. प्लॅस्टिकचे असतील तर खरवडून, धुऊन, दहा मिनिटं सोड्यात ठेवून, उन्हात वाळवा. ऊन हा सोलापूरकरांचा खरा मित्र आहे. २२ अंशांच्या पाण्यात हा विषाणू चारेक दिवस तग धरतो, गोठणबिंदूजवळ महिनाभराहून जास्त. म्हणून काळजी डिसेंबर-जानेवारीत दुप्पट घ्यायची.

आणि रोज लिहा : मरतूक, खाद्य, पाणी, अंडी. आठवड्यात तीन टक्के मरतूक (तुमच्याकडे दीडशे पक्षी), खाद्य-पाण्यात एकदम पाचव्या भागाची घट, किंवा दोन दिवसांहून जास्त काळ अंड्यांत पाच टक्क्यांहून मोठी घट, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. तुरा निळा-काळा पडणं, डोकं सुजणं, पायांवर रक्ताळलेले डाग, मऊ कवचाची अंडी, मान वळणं. यातलं बरंचसं मानमोडीतही दिसतं आणि डोळ्यांनी दोन्हींत फरक करता येत नाही. मेलेला पक्षी शेडमध्ये फाडून बघू नका. दुहेरी पिशवीत बांधा, शेडमधून कुणालाही, काहीही बाहेर नेऊ देऊ नका आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना किंवा १९६२ ला फोन करा. घशाचे आणि विष्ठाद्वाराचे स्वॅब बर्फावर पुण्याला औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत आणि पुढे खात्रीसाठी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. जनुकांचं वाचन करून ३१, २७५, ३८ या जागा पाहता येतात त्या अशाच नमुन्यांतून. तुमच्या स्वॅबमध्ये औषध मिसळलेलं नसेल तर त्या वाचनातून आपल्या भागातल्या विषाणूचं खरं चित्र कळतं.

कळवण्याची भीती आम्हाला समजते. निदान पक्कं झालं की एक किलोमीटरच्या परिघात पक्षी नष्ट होतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत लागते. पण भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. पावडरीने चार दिवस मरतूक दबून राहिली तर त्या चार दिवसांत रोग सगळ्या शेडभर होतो, आणि भरपाईत बसणारे पक्षी हातातून जातात. २००९ च्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारकही आहे. महाराष्ट्राने २००६ मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ पाहिली आहे. लपवालपवीने शेजाऱ्याचंही शेड जातं, हे तेव्हापासून माहीत आहे.

राहिलं ते पाकीट. ते ओढ्यात, संडासात किंवा उकिरड्यावर टाकू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. न फोडता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, त्यावर विक्रेता कधी आला आणि काय म्हणाला ते लिहा, आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे नेऊन द्या. तो पुन्हा आला तर घटकाचं नाव, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बिल मागा. थोडी पावडर आधीच टाकीत पडली असेल तर ते पाणी पक्ष्यांना देऊ नका, बाहेरही सोडू नका. टाकी तशीच ठेवून अधिकाऱ्यांना विचारा, आणि औषधाचं पाणी पक्षी प्याले असतील तर त्या दिवसांची अंडी वेगळी काढून ठेवा.